संग्रहातली सहावी कथा

आमच्या घरात कुठलाही छापील कागद खालून वाचायची पद्धत होती. कुणी पत्रक हातात दिलं की दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) आधी तळाची बारीक अक्षरं बघायचे. कुणी छापलं, कुणी प्रसिद्ध केलं, सही कुणाची. तिथे नाव नसेल तर वरचा मजकूर कितीही गोड असो, ते कागद देणाऱ्याच्या हातात परत ठेवायचे. "ज्याला नाव द्यायची लाज वाटते, त्याचं आपण कशाला ऐकायचं?" लग्नपत्रिका आली तरी ते आधी निमंत्रक वाचत आणि मग नवरा-नवरी. मी शाळेत जायच्या आधीच वाचायला शिकले ते या पत्रकांवर. कमळ आणि गवत हे शब्द मला नंतर भेटले. त्याआधी जाहीर, निषेध आणि बेमुदत हे भेटले होते. आज मी तेहतीस वर्षांची आहे, नावावर दोन कथासंग्रह आहेत, आणि आत्मकथन लिहायचं हे वय नाही असं मला बरेच लोक सांगतात. त्यांना मी सांगते की माणसं जिवंत असताना लिहिलेलं बरं, त्यांना खोडून काढता येतं.

पेणमध्ये आम्ही गणपतीच्या एका कारखान्यामागे दोन खोल्यांत राहायचो. दिवसभर भिंतीपलीकडून मूर्ती घासायच्या पॉलिश कागदाचा खसखस आवाज यायचा आणि माघ संपला की रंगाचा वास घरातल्या भातालासुद्धा लागायचा. दादा रोह्याच्या एका कंपनीत होते. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारी साडेचारला घरी येत, हातपाय धुऊन पाट घेऊन बसत आणि पत्रक लिहायला घेत. लिहिलेलं मोठ्याने वाचत. मी आणि धाकटा भाऊ घड्या घालायचो. घडी कशी घालायची याचेही त्यांचे नियम होते, मथळा बाहेर राहिला पाहिजे. आई त्या वेळी तव्यावर सुकट भाजत असे. तांदळाची भाकरी, सुकट, वर कच्चा कांदा, हे आमचं रात्रीचं जेवण. आईला अक्षरं येत नव्हती, पण ऐकताना कधी कधी ती मध्येच म्हणायची, "एवढं लांबलचक कोन वाचील?" आणि दादा खरोखरच एखादी ओळ कापायचे. मात्र बांधाचं पत्रक असलं की ती काही बोलायची नाही. गॅस मोठा करायची. हे मला तेव्हाच दिसलं होतं की आता लिहिताना दिसतंय, याची मला खात्री नाही. संशयी माणसाची आठवण मागाहून कामाला लागते.

बांधाचं सांगायला हवं. आमचं गाव कासूच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. समुद्राला थोपवून धरतो तो मातीचा खारबांध. या बांधात एक उघाडी असते, म्हणजे पाणी बाहेर जायचं दार. तिला बाहेरून लाकडी झडप टांगलेली. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मी अकरा वर्षांची असताना एका उधाणाच्या दुपारी उघाडीजवळ बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं आणि राहिलं. तिथे भात पिकेना, म्हणून आम्ही पेणला आलो. दादांचं म्हणणं होतं, ठेकेदाराने आदल्या वर्षी बांधावर टाकलेली माती कच्ची होती. सरकारी खात्याचं म्हणणं, तुमच्यापैकीच कुणीतरी मासळी आत घ्यायला झडपेत लाकूड अडकवलं, ती मिटली नाही, पाण्याने बांध पोखरला. तेव्हा दुरुस्तीही तुमची तुम्ही करा. सहा वर्षं हा वाद चालू होता. सहा वर्षं दादांच्या प्रत्येक पत्रकात एक ओळ ठरलेली असायची: "उघाडी उघडी ठेवल्याचा आरोप धादांत खोटा आहे." त्या ओळीवर सगळ्या गावाची शेती उभी होती.

सतराव्या वर्षी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस म्हणून एक कथासंग्रह मिळाला. लेखिका रोह्याच्या, प्रधानबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, मोठं नाव, दिवाळी अंकात त्यांची कथा नसेल तर वाचक तक्रार करायचे म्हणे. घरची पूर्वी खूप जमीन. एवढं मला पुरेसं होतं. कथा या प्रकाराबद्दल मला आधीपासूनच शंका होती. दादा म्हणायचे, "'एका गावात एक माणूस राहत होता.' कुठलं गाव? माणसाचं नाव काय? विचारलं तर म्हणतील, काल्पनिक हाय. म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाय." तालुक्याच्या वाचनालयातून मी नामवंतांचे कथासंग्रह आणायचे ते पोलिसाने झडती घ्यावी तसे वाचायला. पेन्सिलीने खुणा करायचे. मालकाला नाव आणि गड्याला नाव नाही, इथे खूण. कोळीण आली की आधी तिचा वास येतो आणि मग ती, इथे दोन खुणा. ग्रंथपालांनी एकदा एक पुस्तक उघडून दाखवलं आणि विचारलं, "या सगळ्या फुल्या तुझ्या?" मी म्हटलं, "हो, आणि कमी पडल्या आहेत." ते म्हणाले, "मग खोडरबर घेऊन बस आता."

प्रधानबाईंचा संग्रह मी सवयीने शेवटून उघडला. शेवटच्या पानावर ऋणनिर्देश होता. प्रकाशक, मुखपृष्ठकार, मुलगा-सून, आणि सगळ्यांत खाली: "कासूकडच्या त्या माउलीचे, जिने मला उघाडी म्हणजे काय ते सांगितलं." नाव नव्हतं. सगळ्यांना नावं होती आणि माउलीला नव्हतं. मी अनुक्रमणिका काढली. सहावी कथा, 'झडप'.

ती मी गच्चीवर, वाळत घातलेल्या मूर्तींच्या साच्यांमध्ये बसून वाचली. खाडीकाठच्या गावातली एक बाई. नवरा चळवळीतला, सदा बैठकांना. घरी पाहुणे जेवायला येणार आणि नवरा सांगून जातो, काहीतरी बरं कर. पहाटेच्या ओहोटीला ती उघाडीवर जाते, झडपेत लाकडाचा ओंडका घालते, भरती लागली की थोडं पाणी आत येऊ देते, जाळं लावते. मोठा जिताडा मिळतो, पाहुण्यांपुढे मिरवावा असा मासा. ती ओंडका काढायला जाते तोवर पाण्याचा दाब चढलेला असतो, ओंडका हलत नाही. दुपारी बांध फुटतो. हे सगळं कुठल्याही गावात घडू शकलं असतं. पण पाचव्या पानावर ती बाई तो जिताडा नवऱ्याच्या पत्रकांत गुंडाळून, पदराखाली धरून घरी आणते, आणि ओल्या कागदाची शाई माशाच्या पोटावर उमटते, उलटी अक्षरं. मासळी पत्रकांत बांधणारं घर आमच्या अख्ख्या पट्ट्यात एकच होतं. आमचं. उरलेल्या पत्रकांचा दुसरा उपयोग काय?

ही कथा खात्याच्या माणसाने वाचली की संपलं. बांधाची चौकशी चार दिवसांवर होती, सोमवारी, पेणच्या कचेरीत. सहा वर्षं सह्या करून दादा ज्याला खोटं म्हणत होते ते इथे छापून आलं होतं, वर आमच्या घराच्या खुणेसकट. प्रधानबाई हे रचतायत याबद्दल मला शंका नव्हती. जमीनवाल्यांची ही जुनीच रीत, बांध फुटला की दोष कुळाचा. शंका एवढीच होती की पत्रकांचं त्यांना सांगितलं कुणी.

माझा पहिला संशय रामाकाकांवर गेला. ते आमच्या गावचे, दादांच्याच कंपनीत, तोंडाला कुलूप नसलेले. संध्याकाळी ते चहाला आले तेव्हा मी कप त्यांच्यापुढे ठेवला पण सोडला नाही. "काका, रोह्यात तुमची कुणा प्रधानबाईंशी ओळख आहे?"

"प्रधान? आमच्या पॅकिंगला एक प्रधान हाय. बाप्या हाय पन तो."

"बाई. लेखिका. गोष्टी लिहितात."

"माझ्यावर लिवली काय गोष्ट?" काका एकदम सरळ बसले. "कोनी सांगितलं? चांगली हाय ना?"

माणूस खोटं बोलताना इतका खूश होत नाही. मी कप सोडला. मग चुलतभावावर संशय घेतला, मग प्रेसवाल्यावर, कारण पत्रकं छापायचा तोच. आईवर घेतला नाही. आई आठवड्यातून एकदा सुकट, जवळा, वाकट्या अशी सुकी मासळी घेऊन पॅसेंजरने रोह्याला जायची, दारोदार विकायची. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तिच्याकडे पाहिलं नाही. सगळ्या घरावर नजर ठेवणाऱ्या मुलीला घरातली बाई दिसत नव्हती. पुढे माझ्या स्वतःच्या कथांवर एका वाचकाने नेमका हाच आरोप केला.

रात्र व्हायच्या आत मी पत्रक लिहून काढलं. माझं पहिलं, माझ्या सहीचं. मथळा: "कथेच्या आडून गावाची बदनामी!" खाली पुस्तकाचं नाव, कथेचं नाव, पान क्रमांक, त्यातले खोटे मुद्दे एकेक करून, आणि शेवटी मागणी: लेखिकेने जाहीर माफी मागावी. दादांनी ते खालून वर वाचलं. माझं नाव दिसल्यावर त्यांचा चेहरा असा काही झाला की मला आजही ते आठवलं की बरं वाटतं. मग त्यांनी मजकूर वाचला. एकदा, मग पुन्हा.

"भाषा तेज हाय," ते म्हणाले.

"कथा वाचायची आहे? आणू पुस्तक?"

"नको. तू वाचलीस ना? झालं तर." कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "आधी त्या बाईला समोर विचारून घे. विचारल्याशिवाय आरोप करायचा नाय. मग छाप. सोमवारी कचेरीबाहेर आपल्या पत्रकाबरोबर वाटू."

आई सुकट भाजत होती. तिने गॅस मोठा केला. दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेले. गाडी कासूला थांबली तेव्हा डाव्या-उजव्या बाजूला न बघता पत्रक पुन्हा वाचत राहिले.

प्रधानबाई वाड्यात राहत असतील अशी माझी समजूत होती. त्या एका नव्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहत होत्या, दारापुढे चपलांचा स्टँड, आत मोठा टीव्ही, त्यावर मालिका चालू. बाई ठेंगण्या, चष्म्याला दोरी लावलेली. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, पत्रक पुढे केलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, बंद केला नाही.

वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. "तुला कुणी पाठवलं? युनियनने?"

"मला कुणी पाठवत नाही."

"मग हे 'आम्ही गावकरी' कोण? बाहेर अजून माणसं आहेत का?" त्यांनी उठून खरंच ग्रिलमधून खाली पाहिलं. माझ्या लक्षात आलं, त्या घाबरल्या होत्या. मला ते आवडलं, हे कबूल करते.

"पत्रकात मासा बांधल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हे बघ, मी गाव बदललंय. नावं बदललीत. शेवट पूर्ण माझा आहे."

"कुणी सांगितलं?"

त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. बघणं लांबलं. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "अगं, तू सुकटवालीची मुलगी. नाक तिचंच आहे." त्या खुर्चीत बसल्या. "तिनेच सांगितलं. तीन वेळा येऊन सांगितलं, दर वेळी थोडं पुढचं. मी विचारलं होतं, लिहू का? म्हणाली, लिव्हा."

"खोटं," मी म्हटलं.

"मला काय गरज आहे?" त्या चिडून म्हणाल्या. "आणि नाव घालू का म्हणून विचारलं तर नको म्हणाली. नाहीतर मी घातलं असतं. मी काही नावं चोरत नाही." मग जरा थांबून, लेखकच विचारू शकतो तसं त्यांनी विचारलं, "कथा कशी वाटली पण?"

मी पत्रक उचललं आणि निघाले. परतीच्या गाडीत मी प्रधानबाईंवर विश्वास न ठेवण्याची सगळी कारणं मांडली, आणि ती चांगली होती. तरी पेण येईपर्यंत मला आईची पाठ दिसत होती, गॅसकडे वळलेली.

ती घरी एकटीच होती. पुढच्या फेरीसाठी सुपात जवळा घेऊन त्यातला कचरा वेचत होती. मी समोर बसले. "प्रधानबाईंना तू सांगितलंस?"

तिचा हात थांबला नाही. "व्हय."

"का?"

"तिनं इचारलं. पानी दिलन, बसवलन, म्हनाली, बाई, बांध फुटला तवा तू कुठं व्हतीस? इतकी वर्सं झाली व्हती गो, मना कोनी इचारलं नव्हतं. तुमच्या कागदावर 'समस्त गावकरी' लिव्हतात. त्यात मी कुठं व्हते ते कुठं हाय?"

"म्हणजे ते खरं आहे? ओंडका?"

"मी घातला." तिने एक काडी उचलून बाजूला टाकली. "पन बांध उघाडीत नाय फुटला, चार हात पलीकडं फुटला. माती कच्ची व्हती ती व्हतीच, पायानं उकरली तरी निघायची. आता कशानं फुटला ते खाडीला ठाव."

सतरा वर्षांच्या मला हे पेलण्यासारखं नव्हतं. मला एक गुन्हेगार हवा होता, आणि तोही आपल्या घराबाहेरचा. मी रागाने पत्रक काढलं आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं, निदान आपण काय पणाला लावलंय ते तिला कळावं म्हणून. मथळा, पुस्तकाचं नाव, पान क्रमांक. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिव्हलंस," ती म्हणाली. "बापावर गेलीस. आता मना सांग, आपल्या गावात ती गोष्ट कोन वाचनार व्हतं?"

मी पत्रकाची घडी घालायला लागले.

"आनि कचेरीतलं कोन? ते सायेब गोष्टी वाचतात? तू ह्यो कागद वाटलास की सगळी म्हनतील, बघू बघू, काय लिव्हलंय. पान कुठलं तेबी तू सांगितलंस." तिने सूप खाली ठेवलं. "आता ती गोष्ट वाच. बाईनं मना वाचून दाखवली नाय."

मी पुस्तक आणलं. आई भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले. ओंडक्याच्या जागी तिने मान हलवली. पत्रकावरची शाई माशावर उमटते तिथे तिला हसू आलं, "ह्ये मी सांगितलं, बरोबर घातलन." शेवटी कथेतली बाई फुटलेला बांध बघते, घरी ठेवलेला जिताडा पदराखाली घेऊन येते आणि रडत रडत खाडीला परत देते. मी एवढं वाचलं आणि आईने पाय आवरले.

"काय देते?"

"मासा. खाडीत सोडून देते."

"मेलेला? एवढा मोठा जिताडा?" ती हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "येडी का काय ती बाई! जिताडा कोन टाकतं गो? मी कालवन केलं. पनवेलशी संघटनेची मानसं आली व्हती ना जेवायला. बाहेर बोंब उठली बांध फुटला, बांध फुटला, सगली धावली, बघून आली, आनि मग जेवायला बसली. भुकेली मानसं. त्या पंगतीतच तुझ्या बापानं बांधाचं पयलं पत्रक लिव्हलं, एका हातानं. तू भात वाढत व्हतीस. तुला माशाचं डोकं हवं व्हतं, मी पावन्याला दिलं म्हनून तू रुसलीस."

आणि मला ते आठवलं. बांध फुटल्याची दुपार म्हणून नव्हे, डोकं न मिळाल्याची दुपार म्हणून मनात कुठेतरी निराळी ठेवलेली होती ती. कोकमाचं आंबट, केशरी कालवण. पाटावर बसलेले दादा, उजवा हात ताटात, डाव्या हाताखाली कागद दाबलेला, आणि मला सांगतायत, पेन दे.

"दादांनी विचारलं नाही," मी म्हटलं, "जिताडा कुठून आला?"

आई पुन्हा जवळा वेचायला लागली होती. "नाय."

"नंतर कधी?"

"खाडीवरचा मानूस तो," ती म्हणाली. "त्याला काय इचारायला लागतं."

साडेचारला दादा आले. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "झालं का छापायला देऊन?" मी म्हटलं, नाही दिलं, आणि देणार नाही. घाईघाईने जमवलेली कारणं मी सांगायला लागले: लेखिका नावं बदलते, सिद्ध करता येणार नाही, चौकशीत उलट लक्ष जाईल. एरवी माझ्या एका स्वल्पविरामावर दहा प्रश्न विचारणारा हा माणूस. त्यांनी सुपाकडे पाहिलं, उघड्या पुस्तकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईने वर पाहिलं नाही.

"बरं," ते म्हणाले. हातपाय धुऊन आले, पाट घेतला, सोमवारच्या पत्रकाचा मसुदा काढून माझ्यासमोर ठेवला. "स्वच्छ अक्षरात लिहून दे. ठेकेदाराचं सगळं ठेव, मातीचं ठेव. ती उघाडीची ओळ काढ."

"धादांत खोटा, ती?"

"ती."

"का?"

"जागा पुरत नाय," दादा म्हणाले.

सोमवारी कचेरीच्या फाटकाशी उभी राहून मी ती पत्रकं वाटली. साहेबांनी घेतलं, शिपायाने घेतलं, गावातून टेम्पोने आलेल्या बायकांनी घेतलं. आईनेही एक घेतलं आणि उभ्या उभ्या त्याकडे बघत राहिली. मजकूर संपल्यावर त्याखाली चार बोटं जागा कोरी राहिली होती.